धुण्याची पद्धत

९ जानेवारी २०२५

नाव आहे. नाही असं नाही. शेवटच्या पानावर, आभारांच्या यादीत, गाडीचा ड्रायव्हर आणि मांडववाला यांच्या मधे: ‘कोलंबीची सालं पुरवल्याबद्दल कु. वनिता मोकल.’

विद्यापीठाचं पत्रक लायब्ररीत टेबलावर पडलं होतं. पहिल्या पानावर फोटो. आमचे विभागप्रमुख खानविलकर सर, माझी प्रोजेक्टमधली जोडीदार पूजा, आणि दोघांच्या मधे काचेच्या बशीत माझी पट्टी. ‘खाऱ्या पाण्यातही टिकणारी जखम-पट्टी. संशोधक: डॉ. खानविलकर व कु. पूजा शेडगे. पेटंटसाठी अर्ज दाखल.’

सरांच्या केबिनमध्ये गेले. म्हणाले, “अगं मोकल, अर्जात विद्यार्थी एकच घालायचं ठरलं. पूजा बोलते छान, पाहुण्यांसमोर तीच उभी राहणार. तुला सर्टिफिकेट देऊ की! आणि तुझ्या घरच्यांचं कौतुकच आहे. एवढी सालं रोज सोलून देणं काही सोपं नाही.”

मी “थँक्यू सर” म्हणाले. ही जीभ कापून टाकावीशी वाटते.

पूजा लॅबच्या दारात उभी होती. डोळे सुजलेले. रात्रभर फोनवर असते, दुसरं काय. “वनू, ऐक ना, मी सरांना...” म्हणाली. मी ऐकलं नाही. दोन वर्षं हिच्या रोह्याच्या घरी हिच्या आईच्या हातचं जेवले, त्या ताटाचीसुद्धा आता किळस येते.

११ जानेवारी

बाबांना सांगायचं नव्हतं, पण त्यांनी ओळखलं. ओसरीवर पाय पसरून बसले होते. मिठागरात तीस वर्षं उभे राहिलेले पाय. मोसम सुरू झाला की टाचेच्या भेगा उकलतात, त्यात खारं पाणी जातं, आणि पावसाळ्यापर्यंत जखम मिटत नाही. या पायांसाठीच मी पट्टी करायला घेतली. बाजारातली पट्टी खाऱ्या पाण्यात तासाभरात सुटून येते.

“काय झाला गो? तोंड का पाडलंस?”

“माझं नाव नाय लावलं पट्टीवर.”

बाबांनी भेगेतलं मीठ नखाने काढलं. मग म्हणाले, “आमी एवढं बांध घातलं खाडीला. त्याच्यावर कुनाचा नाव हाय? पानी थांबला, झाला.”

बाबांचं हेच चुकतं. पाणी थांबवलं त्यांनी आणि आगर दुसऱ्याचं झालं. मी मोतीराम मोकलची मुलगी असेन, पण मी मोतीराम मोकल नाही.

१४ जानेवारी, संक्रांत

आज सापडलं. आईबरोबर तिळाचे लाडू वळताना एकदम लक्षात आलं आणि हातातला लाडू चटका बसेपर्यंत तसाच धरून बसले.

त्यांना धुणं माहीत नाही!

नीट लिहून ठेवते. कोलंबीच्या सालातून आम्ही कायटोसान काढतो आणि त्याची ओली, जेलीसारखी पट्टी बनवतो. नुसती ती पट्टी पाण्यात विरघळेल. म्हणून तिला घट्ट करायला ग्लुटारल्डिहाइड घालावं लागतं. ते विष. पट्टी घट्ट झाल्यावर आत उरलेलं सगळं धुऊन काढायचं, नाहीतर जखमेचं मांस जाळतं. ऑक्टोबरच्या अहवालात मीच लिहिलंय: तीन वेळा शुद्ध पाण्याने धुणे. सगळ्या पुस्तकांत साधारण असंच असतं.

पण आमची पट्टी जाड आहे. नोव्हेंबरमध्ये मी उरलेले तुकडे बाहेरच्या लॅबला पाठवले होते, तर तीनदा धुतलेल्या पट्टीखालच्या पेशी मेल्या. मग मी पद्धत बदलली. आधी एक दिवस ग्लायसिनच्या पाण्यात, म्हणजे उरलेलं विष त्याला चिकटतं, मग सात धुणी. पेशी जगल्या. हे सगळं माझ्या कच्च्या वहीत तारखेसकट आहे, आणि तिथेच आहे. परीक्षा होती, पूजाला सुट्टीनंतर सांगू म्हटलं. तिला कोलंबीचा वास सहन होत नाही. ओलं काम सगळं माझं, आलेख आणि स्लाइड तिच्या.

म्हणजे आता ते मोठा घाणा लावतील तो तीन धुण्यांचा. मोठमोठे पाहुणे येतील, कोणीतरी तपासणीला पाठवेल, आणि खानविलकरांचं तोंड सगळ्यांदेखत काळं होईल. मला काहीच करायचं नाही. फक्त गप्प बसायचं आहे. गप्प बसणं आम्हाला पिढ्यान्‌पिढ्या येतं.

लाडू गोड लागला.

२२ जानेवारी

पूजाचा मेसेज: “वनू, बॅच लावतोय. वॉशिंग तीनदाच ना? रिपोर्टमध्ये तीन आहे, पण तू मधे काहीतरी बदलत होतीस. एकदा सांग ना.”

वाचला. फोन उलटा करून ठेवला.

मी कोण? सालं पुरवणारी. सालांबद्दल विचार.

३ फेब्रुवारी

आज जिते स्टेशनवर गाडीत बसले तर समोर पूजाच्या वर्गातला साहिल. त्याने सांगितलं की पाच मार्चला आमच्याच भागात, खाडीकडच्या शाळेत, आरोग्य शिबिर आहे. मिठागरातल्या माणसांच्या जखमांवर पट्टी लावून दाखवणार. एका कंपनीचे पाहुणे येणार आहेत.

“माणसांवर? एथिक्स कमिटीची परवानगी आली?”

“सर म्हणतात, नंतर घेऊ. हे ट्रायल नाही, सेवा आहे.”

मला वाटलं होतं काचेच्या बशीत होईल सगळं. मग मी स्वतःशी हिशेब मांडला. ओल्या जखमेवर लावलं की तासाभरात आग सुरू होईल. माणसं ओरडतील, पट्टी काढून फेकतील, पाण्याने धुतील. चार दिवस चुरचुरेल. मीठ काय कमी चुरचुरतं? त्यांना सवय आहे.

हे लिहिलं आणि परत वाचलं. खोडत नाही.

११ फेब्रुवारी

पूजाचा दुसरा मेसेज, लांबलचक. “तू माझ्याशी बोलू नकोस, हरकत नाही. सरांनी माझ्यासमोर अर्जातून तुझं नाव काढलं, मी भांडले तर म्हणाले इंटर्नल त्यांच्या हातात आहेत. मी घाबरले. मी भित्री आहे, मान्य. पण ते परवानगीशिवाय माणसांना लावणार आहेत. प्लीज, धुणं तेवढं बरोबर आहे का सांग.”

किती छान लिहिते. स्लाइडसारखं. भांडली म्हणे! भांडलेल्या माणसाचा फोटो पहिल्या पानावर येतो का?

संध्याकाळी बाबा म्हणाले, “शाळेत तुमच्या कॉलेजवाल्यांचा शिबिर हाय. तुजीच पट्टी ना ती? मी जातो. टाच लय फाटलीय.”

“तुम्ही जाऊ नका.”

“का गो?”

“गर्दी असते. तुम्हाला मी घरीच करून देईन.”

बाबांनी मान डोलावली. माझ्यावर त्यांचा भारी विश्वास. येत्या रविवारी लॅब उघडवून त्यांच्यासाठी दोन पट्ट्या करायच्या. सात धुणी.

२७ फेब्रुवारी

“वनू. शेवटचं विचारते. तीनदा की जास्त?”

मी अर्धं लिहिलं होतं. ‘सात, आणि आधी ग्लायसि’ इथपर्यंत. तेवढ्यात सरांनी ग्रुपवर शिबिराची पत्रिका टाकली. व्यासपीठावर बसणाऱ्यांची नावं, अकरा. स्वयंसेवकांची, बावीस. चहा देणाऱ्या मावशींचंसुद्धा नाव होतं. मी सगळी वाचली.

लिहिलेलं पुसलं.

५ मार्च

जाणार नव्हते. गेले. मागच्या खिडकीपाशी उभी राहिले. त्यांची फजिती मला माझ्या डोळ्यांनी बघायची होती.

सहा जणांना पट्टी लावली. सर माइकवर: “आमच्या पूजाच्या दोन वर्षांच्या तपश्चर्येचं हे फळ!” पूजा खाली बघत होती. पाऊण तासातच काळुराम नावाचा एक माणूस उठला. “आग व्हतेय वो, काढा ही!” मग दुसरा. मग दोघी बायका. पाहुणे एकमेकांकडे बघायला लागले. सरांच्या कपाळावर घाम. माझ्या आत असं काही उसळत होतं की मी खिडकीचा गज घट्ट धरला. दोन महिन्यांत पहिल्यांदा पोटभर श्वास आला.

पाच जणांनी पट्ट्या काढल्या. सहावी बायजाबाई. आमच्या शेजारच्या पाड्यातली, बाबांच्या जोडीने आगरात मीठ ओढायची. मी तिला काकी म्हणते. तिच्या पायाच्या तळव्याला, बोटांच्या बुडाशी जखम. ती शांत बसली होती.

सरांनी विचारलं, “आजी, तुम्हाला चुरचुरतंय?”

“नाय बा. मना काय नाय व्हत.”

“बघा!” सर माइकवर ओरडले. “बाकीच्यांनी घाई केली. औषध लागतंय म्हणजे थोडं झोंबणारच!” कंपनीवाल्यांनी तिच्याबरोबर फोटो काढले. तिच्या पायावर वरून बँडेज बांधलं आणि सांगितलं, चार दिवस उघडायची नाही.

काकीला दहा वर्षांपासून साखर आहे. साखरेने पायातली जाणीव जाते. तिसऱ्या वर्षाला मला या प्रश्नाला दहापैकी नऊ मार्क होते.

मला तिथेच कळलं. मागाहून सुचलं असं लिहिणार नाही. ती ओरडत नाही कारण तिला कळतच नाही, हे मला त्या खिडकीत उभ्या उभ्या कळलं. दार दहा पावलांवर होतं. तेवढ्यात टाळ्या पडल्या. सर हसत होते. मला वाटलं, आत्ता सांगितलं तर हा माणूस यातूनही सुटेल. वेळेत पकडलं म्हणून उलट शाबासकी घेईल. चार दिवसांनी उघडू दे. मग बघते.

मी घरी आले.

७ मार्च

चार दिवस थांबवलं नाही. आज दुपारी गेले.

काकी अंगणात कोलंबीचे सोडे वाळत घालत होती. पाय तसाच बांधलेला. “ये गो वनू. बघ, तुमच्या पट्टीनं एकदम थंड हाय पाय.”

मी खाली बसले आणि तिला न विचारता बँडेज सोडायला लागले.

“अगो, चार दिस बोललेत ना ते?”

वास आधी आला. पट्टीखालची कातडी पांढरी पडली होती, उकडलेल्या माशासारखी, आणि कडेने काळी. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट निळं. मी पाण्याची घागर ओतली. परत भरली, परत ओतली. काकी विचारत होती, “लय खराब हाय का? मना दिसत नाय वाकून.” मी म्हणाले, “रिक्षा बघते.”

८ मार्च

पेणला दवाखान्यात. दोन बोटं काढली. डॉक्टर म्हणाले, अजून दोन दिवस गेले असते तर पाऊल गेलं असतं. मग म्हणाले, “तुम्ही वेळेत आणलंत.”

काकीच्या सुनेने माझे हात धरले. अनिता तिचं नाव. “तू व्हतीस म्हून गो.”

मी काही बोलले नाही. माझं हे एकच कौशल्य आता पुरेसं पक्कं झालंय.

१९ मार्च

होळीला सगळं गाव पेटलेल्या माडाभोवती आणि काकी खाटेवर. मी त्या दिवशी घराबाहेर पडले नाही.

आज विद्यापीठाचं पत्र आलं. चौकशी समिती. सरांनी जबाब दिलाय: पट्टी अहवालाप्रमाणेच तयार केली, आणि अहवालातला धुण्याचा भाग कु. वनिता मोकल यांनी लिहिलेला आहे.

आलं बाई नाव! दोन महिने ज्या नावासाठी जळले ते शिक्क्यासकट, पूर्ण, पहिल्या परिच्छेदात. मी इतकी हसले की आई चुलीपासून उठून आली.

मला त्याला बुडवायचंय. चिखलात तोंड दाबून. या दोन महिन्यांत इतकी स्वच्छ इच्छा मला कधी झाली नव्हती.

२१ मार्च

रोहा स्टेशनच्या बाकावर पूजा भेटली. मुद्दाम थांबली होती. बारीक झालीय.

“मी सांगितलंय समितीला,” ती म्हणाली. “घाणा मी लावला, धुणं मी केलं, तुला त्यातलं काही माहीत नव्हतं. तुला काही होणार नाही.”

“मेसेज दाखवलेस?”

“नाही.”

“का?”

“दाखवले तर तू अडकशील. तू वाचत होतीस, वनू. निळ्या खुणा दिसत होत्या मला. तिन्ही वेळा.”

पनवेलची गाडी लागली होती. मी उठले नाही.

ती म्हणाली, “मला वाटलं, ही माझ्यावर सूड घेतेय. घेऊ दे. मी भित्रेपणा केला, माझं वर्ष गेलं तर जाऊ दे. पण त्या बाईने तुझं काय केलं होतं?”

हे म्हणताना ती रडलीसुद्धा नाही. रडली असती तर मला राग धरता आला असता.

२३ मार्च

आज रविवार. दिवसभर विचार केला तो सरळ लिहिते, नाहीतर उद्या समितीच्या दारातून मागे फिरेन.

गप्प राहिले तर मी सुटते. पूजा बुडते. सर म्हणतील, विद्यार्थिनीची चूक, आणि पुढच्या वर्षी नव्या मुलीच्या कामाशेजारी उभे राहून फोटो काढतील.

वही दाखवली तर पट्टी माझी हे सिद्ध होतं. तारखेसकट. आणि त्याच पानावर हेही सिद्ध होतं की तीन धुणी पुरत नाहीत हे मला नोव्हेंबरपासून माहीत होतं. तेच पान. त्यातलं अर्धं फाडून देता येत नाही.

पूजाचा दुसरा मेसेज दाखवला तर परवानगीशिवाय लावायला सरांनीच सांगितलं हे कागदावर येतं. त्यांना त्याच्यातून सुटता येणार नाही. पण त्या मेसेजखाली मी वाचल्याची वेळ आहे.

म्हणजे मी त्यांना बुडवू शकते, पण त्यांच्या गळ्याला मिठी मारूनच. ठीक आहे. कोणी याला पश्चात्ताप म्हणू नये. हा सूडच आहे.

२४ मार्च

समितीत तीन जण. सर कोपऱ्यातल्या खुर्चीत, पायावर पाय टाकून. पूजा दुसऱ्या कोपऱ्यात. अध्यक्ष मॅडमनी विचारलं, “धुण्याच्या पद्धतीबद्दल तुम्हाला काही सांगायचंय?”

मी वही उघडून त्यांच्यासमोर ठेवली. पान बारा नोव्हेंबर. फोन उघडून शेजारी ठेवला.

मॅडमनी वाचलं. परत वाचलं. “म्हणजे ही पद्धत तुमची?”

“हो.”

“आणि तीन धुण्यांनी इजा होते हे तुम्हाला माहीत होतं?”

“हो.”

“शेडगेंनी तीनदा विचारलं तेव्हाही?”

“हो.”

“मग सांगितलं का नाही?”

मी खूप वाक्यं पाठ करून गेले होते. मिठागराबद्दल, कोलंबीच्या सालांबद्दल, आभारांच्या यादीबद्दल. एकही आलं नाही. म्हणाले, “कारण मला हे व्हायला हवं होतं. बायजाबाईंचं नाही. पण हे.”

सरांचा पाय खाली आला होता. फोनवरचा मेसेज मॅडम मोठ्याने वाचायला लागल्या, “‘परवानगीशिवाय माणसांना...’” तेव्हा सरांचा चेहरा बघायला मिळणार होता. त्यासाठीच तर आले होते. पण मी पूजाकडे बघत होते. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं. सरांचा चेहरा बघायचा राहूनच गेला.

२ एप्रिल

निकाल. खानविलकरांचं विभागप्रमुखपद गेलं, पुढची चौकशी सुरू. पेटंटचा अर्ज मागे. पूजाला ताकीद, परीक्षेला बसता येईल. मला एक वर्ष बंदी. विद्यापीठाने दवाखान्याचा खर्च उचलला.

परवा पत्र आलं तेव्हाच बाबांनी ते ऐकलं. मी त्यांना सगळं सांगितलं, शिबिराला का जाऊ दिलं नाही तेसुद्धा. ते उठले, आत गेले, मी केलेल्या पट्ट्यांपैकी उरलेली एक घेऊन आले आणि माझ्या पुढ्यात ठेवली. दोन दिवस झाले, उघड्या टाचेने आगरात जातात.

६ एप्रिल

काकीला सांगायचं राहिलं होतं. समितीसमोर बोलणं सोपं होतं, तिथे कोणी मला वनू म्हणत नव्हतं.

सकाळी गेले. ती ओसरीवर, पाय उशीवर. अनिता आत. मी सगळं सांगितलं. तीन धुणी, सात धुणी, मेसेज, खिडकी, टाळ्या. मला खिडकीतच कळलं होतं हेही.

बाहेरून कोणीतरी “नर्स आली का?” असं विचारून गेलं. काकीने त्याला “नाय” म्हणून सांगितलं. मग माझ्याकडे वळली.

“मंग आता कशाला सांगतेस? बोटं येनार हायेत काय माजी?”

“नाही.”

“तुजा जीव हलका व्हावा म्हून आलीस.”

मी मान हलवली. नाही म्हणायला हलवली की हो, मलाच माहीत नाही.

“माजा नाय झाला हलका,” ती म्हणाली. “आता जड झाला. आतापावेतो वाटायचा, देवानं नेली दोन बोटं. आता तुजं तोंड दिसंल.”

अनिता दारात आली होती. हातात तांब्या. तिने सगळं ऐकलं होतं. ती तांब्या घेऊन तशीच परत आत गेली.

मी उठले. पायरी उतरले. काकीने मागून हाक मारली, माझं नाव न घेता.

“ऐक गो. नर्स दोन दिस आली नाय. जखम कोन धुवनार? ह्या पोरीला बघवत नाय.”

मी परत वर चढले. पाणी उकळून गार केलं. हात कोपरापर्यंत धुतले. बँडेज सोडलं आणि जखम धुतली, तिला वाकून दिसत नाही म्हणून तोंडाने सांगत सांगत, काय करते, का करते. तिने एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. भिंतीकडे बघून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, “उद्या येताना कापूस आन. आनि बोलू नको काय. नुसता धू.”